दोनदा सांगणारे केरकर

आमच्या ऑफिसात एक स्लाइड आहे. पत्ते वाटायला शिकायला येणाऱ्या प्रत्येक नव्या बॅचला ती पहिल्याच आठवड्यात दाखवतात. वर मोठ्या अक्षरांत 'गुडविलची ताकद' असं इंग्रजीत लिहिलंय आणि खाली एका माणसाचा बत्तिशी दाखवणारा फोटो आहे. तो माणूस कोण, देव जाणे. फोटो विकतचा आहे. ज्या माणसामुळे ती स्लाइड तयार झाली, तो सहा महिन्यांत माझ्यादेखत एकदाच हसला, तेही दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांची मला अजून भीती वाटते. स्लाइड लागली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते आणि मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठून बाहेर जाते. एवढंच करते. नोकरी अजून तिथेच करते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको.

त्या माणसाचं नाव केरकर. उत्तरेच्या एका अमिरातीत समुद्रकाठी मोठं रिसॉर्ट उभं राहतंय, त्यात परवान्याचा कॅसिनो होणार आहे. त्यासाठी माणसं तयार करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं. जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका टॉवरच्या तेविसाव्या मजल्यावर आमचा क्लास भरतो. टेबलं खरी, डावावर लावायच्या चिप्स खोट्या, आणि छताला कॅमेरे खरे. केरकर तिथे ब्लॅकजॅक शिकवायला आले. माझं काम क्वालिटीचं, म्हणजे हातात स्टॉपवॉच आणि फॉर्म घेऊन भिंतीला उभं राहायचं आणि कोण कसं शिकवतो ते लिहायचं. केरकरांना सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. ते पक्के होणार की नाही, हे बरंचसं माझ्या रिपोर्टवर होतं आणि त्यांना ते ठाऊक होतं.

"मॅडम, एक सांगून ठेवतो," पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "पक्कं झालं नाही तर मला परत टेबलावर उभं राहावं लागेल. दुसरं काही येत नाही मला. आणि टेबलावर मला पुन्हा उभं राहायचं नाही. शिकवीन, पण वाटणार नाही."

मला वाटलं, गुडघे दुखत असतील. वय सत्तावन्न-अठ्ठावन्न तर होतंच. मूळचे वेंगुर्ल्याचे. आधी पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या एका कॅसिनोच्या बोटीवर आणि मग परदेशी जहाजांवर, असं अर्धं आयुष्य त्यांनी पत्ते वाटण्यात घालवलं होतं. उंच, जरासे पोक काढलेले, आणि चेहरा रेशनच्या दुकानदारासारखा. साखर आलेली नाही, सोमवारी या. हात मात्र वेगळेच होते. त्या चेहऱ्याखाली ते हात दुसऱ्याच कुणाचे तरी लावल्यासारखे वाटायचे, इतके हळुवार.

त्यांच्या सवयींना आम्ही आधी हसायचो. डीलरनं, म्हणजे पत्ते वाटणाऱ्यानं, टेबल सोडताना एकदा टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटेपालटे करून कॅमेऱ्याला दाखवायचे असतात. मी इथलं काही नेत नाही, असा त्याचा अर्थ. जगात सगळीकडे हीच रीत आहे. केरकर हे सगळीकडे करायचे. जेवून उठले की टाळी, तळवे. कुणाच्या टेबलावरचं पेन सही करून परत ठेवलं की टाळी, तळवे. आम्ही दोघं इंटरनॅशनल सिटीतच राहायचो. मी नवरा आणि मुलीसह मोरोक्कोत, ते आणखी तिघांबरोबर एका खोलीत पर्शियात. असली नावं तिथल्या बिल्डिंगींच्या घोळक्यांना दिलेली आहेत. संध्याकाळी मी त्यांना माझ्या गाडीतून सोडायचे. उतरले की दार लावून, वाकून, काचेतून मला तळवे दाखवायचे. मी म्हणायचे, "केरकर, गाडीत चोरण्यासारखं काही नाहीये हो." ते म्हणायचे, "सवय, मॅडम." आणि तोंड तसंच, साखर आलेली नाही.

ब्लॅकजॅक हा खेळ लहान मुलाला पाच मिनिटांत समजतो. पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीसच्या वर गेलात की मेलात. सतरा झाले की शहाण्यानं थांबावं. पत्ता हवा असेल तर टेबलावर बोट टेकवायचं, नको असेल तर हात हलवायचा. डीलरला सल्ला द्यायची परवानगी नाही. तो फक्त बेरीज सांगतो. आणि या 'फक्त बेरीज' सांगण्यातच केरकरांचं सगळं होतं.

सतरावर कुणी बोट उचललं की केरकर बेरीज सांगत. "सेव्हन्टीन, सर." मग थांबत. समोरच्याकडे न बघता त्याच्या बोटाकडे बघत. आणि पुन्हा, आवाज जराही न चढवता, "सेव्हन्टीन." बस. पुढे काही नाही. त्या थांबण्यात माणसाला आपण काय करतोय ते दिसायचं. दहातले सात जण बोट मागे घेत. जेवायला वाढताना आपण तीनदा 'घ्या हो, घ्या' म्हणतो ना, तसाच हा आग्रह होता, फक्त उलटा. नको म्हणायची संधी ते दोनदा वाढत.

"पत्ते बदलत नाहीत," ते पोरांना सांगत. "पत्त्याला माणूस कळत नाही. डीलर देवमाणूस असला काय आणि राक्षस असला काय, आठाचा नव्वा होणार नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी. एक, वेळ. दोन, बेरीज. वेळ द्या. बेरीज नीट ऐकू जाईल अशी सांगा. गेस्टचं भलं करायचं असेल तर एवढंच करता येतं."

आणि तिसरी गोष्ट, जिच्यावरून रोज भांडणं व्हायची. "हसू नका."

आमचे डायरेक्टर सूरी. दिल्लीचे, गोड बोलणारे, स्वतः आयुष्यात पत्ता न वाटलेले, उंटावरून शेळ्या हाकणारे. हॉटेलच्या धंद्यात केस पिकवलेले. त्यांच्या फॉर्मवर 'स्माइल' ला वेगळा रकाना होता. तासाला किती डाव वाटले याला दुसरा रकाना होता. ते क्लासमध्ये येऊन म्हणत, "केरकर जी, थोडा स्माइल. गेस्ट को वेलकम फील होना चाहिए."

"सर, गेस्ट को इतना वेलकम फील हुआ, तो वो घर कब जाएगा?"

पोरं हसायची. सूरीही हसायचे, कारण त्यांना वाटायचं की हा विनोद आहे. केरकर विनोद करत नव्हते. ते संतापलेले असत. कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि मग ते समोरची गड्डी पुन्हा पुन्हा सारखी करत बसायचे.

प्रमिला नावाची पोखऱ्याची एक नेपाळी मुलगी होती, बॅचमधली सगळ्यात चपळ. एकदा सूरी स्वतः गेस्ट होऊन तिच्या टेबलावर बसले. सतरा झाले. त्यांनी बोट उचललं, आणि ते टेकायच्या आत प्रमिलानं पत्ता टाकला. नव्वा. डाव खलास. सूरींनी टाळ्या वाजवल्या. "यल्ला! दिस इज स्पीड!" प्रमिला खुलली.

केरकर पुढे आले. "बोट टेका था?"

"सर ने उठाया तो था, सर."

"उठाया था. टेका था?"

तिनं सूरींकडे पाहिलं.

"टेकेपर्यंत बोट हवेतच असतं," ते मराठीतच म्हणाले, रागात त्यांना भाषा आवरायची नाही. मग हिंदीत सांगितलं. "हवा में जो उँगली है, वो अभी भी उसकी है. तुमने छीन ली." त्या दिवशी अर्धा तास त्यांनी तिला एकही पत्ता वाटू दिला नाही. बाकीच्यांनी बोटं उचलायची, टेकवायची, मागे घ्यायची, आणि तिनं नुसतं बघायचं. पोरगी रडकुंडीला आली. मी फॉर्मवर लिहिलं, 'वेग कमी. ताण जास्त.' खरंच होतं ते. मी खोटं कधीच लिहिलं नाही, आणि हीच माझी सगळ्यात मोठी घमेंड होती.

एका शनिवारी दुपारी ते आमच्याकडे जेवायला आले. वांग्याचं भरीत, सोलकढी. जेवण झाल्यावर माझ्या मुलीनं, ईरानं, पत्ते आणले. ती इथेच जन्मलेली, पंधरा वर्षांची, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीतच येतं. पैशानं खेळणं इथे गुन्हा, आणि केरकरांनी ते खेळूही दिलं नसतं, म्हणून राजम्याचे दाणे घेतले. केरकर त्यांच्या पद्धतीनं वाटत राहिले. बेरीज, थांबणं, पुन्हा बेरीज. ईरानं दोनदा बोट मागे घेतलं, तिसऱ्यांदा कंटाळली.

"अंकल, यू आर द मोस्ट बोरिंग डीलर एव्हर!"

मी डोळे वटारले. केरकर मात्र खूश झाले. म्हणजे चेहरा तसाच, पण मान हलली. "शाबास. आता दुसरा डीलर बघतेस?"

आणि केरकर हसले.

काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पोक गेलं. डोळे चमकायला लागले. "अरे वा, ईरा मॅडम आल्या! आज टेबलावर उजेड पडला. मागच्या डावाला काय खेळलात हो! शाळेत गणितात पहिल्या असणार. नाही? मग मास्तर नापास!" पत्ते भराभरा पडत होते, बेरीज एकदाच आणि गाणं म्हटल्यासारखी. ती हरली की हे कळवळायचे, जिंकली की टाळी. तिच्या मैत्रिणीचं नाव एकदा ऐकून लक्षात ठेवलं आणि तिसऱ्या डावाला वापरलं. माझा नवरासुद्धा खुर्ची ओढून बसला. दहा मिनिटांत ईराचा वाटीभर राजमा संपला आणि ती पळत स्वयंपाकघरात आली.

"मम्मा, कॅन आय हॅव मोर राजमा? अंकल इज सो मच फन!"

मी बरणी घेऊन बाहेर आले तेव्हा केरकरांचा चेहरा पुन्हा बंद झाला होता. त्यांनी गड्डी खाली ठेवली. "ती बरणी आत ठेवा, मॅडम," ते म्हणाले. मग ईराकडे वळून, "कळला फरक?"

ईरा हुशार आहे. तिनं रिकाम्या वाटीकडे पाहिलं. "सो व्हेन यू आर बोरिंग... दॅट्स व्हेन यू आर बीइंग नाइस?"

त्यांनी टाळी वाजवली, तळवे दाखवले आणि चप्पल घालायला लागले.

त्यांचा एक डबा होता. स्टीलचा, गोल, मोठा, कडीचं झाकण असलेला. एका माणसाच्या जेवणाला फारच मोठा. त्यात ते दुपारचा भात आणायचे आणि जेवून झाल्यावर तिथेच धुऊन, रुमालानं कोरडा करून पिशवीत ठेवायचे. झाकणावर नाव कोरलेलं होतं, आपल्याकडे भांड्यांवर कोरून घेतात तसं. 'सौ. कुमुद मधुकर शेटे, सांगली.' मी एकदा विचारलं, "हे शेटे कोण हो, तुमचे सासरचे?" ते रुमालानं डबा पुसत राहिले. मीही सोडून दिलं.

प्रोबेशनचे पाच महिने झाले तेव्हा सूरींनी मला बोलावलं. केरकरांची पोरं नीट वाटतात, चुका करत नाहीत, पण डाव कमी होतात आणि हसत कुणी नाही. "आय लाइक हिम," सूरी म्हणाले, "पर कन्फर्म कैसे करूँ? तुम कुछ दो मुझे. कोई केस दो. दिखाओ कि इनका तरीका बिझनेस के काम का है."

त्याच संध्याकाळी मोहम्मद बिन झायेद रोडवर पुढे अपघात झाला होता आणि आम्ही तासभर एका जागी अडकलो. मी केरकरांना सगळं सांगितलं. म्हटलं, "जरा हसा की हो. तुम्हाला येतं. मी बघितलंय. नोकरीचा प्रश्न आहे."

 त्यांनी मांडीवरची पिशवी उघडून डबा बाहेर काढला.

"बाई," ते म्हणाले. मॅडम नाही, बाई. "पणजीच्या बोटीवर मी सगळ्यात लाडका डीलर होतो. तुमच्या मुलीसमोर जो आला ना, तो रोज असायचा. सांगलीचे शेटे म्हणून एक गृहस्थ यायचे. वह्या-पुस्तकांचं दुकान. सज्जन माणूस. पहिल्यांदा मित्रांबरोबर आले, गंमत म्हणून. मी त्यांचं नाव लक्षात ठेवलं. मुलगी भरतनाट्यम शिकते ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या वेळी आले ते एकटेच, आणि थेट माझ्या टेबलावर. मग दर शनिवारी. माझी सुट्टी असली की परत जायचे, दुसऱ्या टेबलावर बसायचे नाहीत. म्हणायचे, केरकर, मी खेळायला येत नाही हो, तुमच्यासाठी येतो. आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. समजतंय का? अभिमान. मॅनेजर मला शाबासकी द्यायचा."

"मग?"

"मग काय. दुकान गेलं. मला माहीत होतं, जाताना दिसत होतं. माणूस सतरावर पत्ता मागायला लागला की समजावं. मी हसून देत होतो. एके दिवशी दुपारी जेटीवर निरोप आला, कुणी बाई भेटायला आल्यात. बघतो तर शेट्यांची बायको. हातात हा डबा. बेसनाचे लाडू. म्हणाल्या, हे नेहमी तुमच्याबद्दल सांगतात. बाहेरगावी यांची एकट्याची फार काळजी वाटायची, पण तिथे केरकर आहेत, ते बघतात, म्हणतात. म्हणून आभार मानायला आले." केरकर थांबले. "त्यांना दुकान गेलेलं माहीत नव्हतं. बाई आभार मानायला आल्या होत्या माझे."

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. गाड्या दोन हात पुढे सरकल्या.

"शेटे पुन्हा आले नाहीत. पुढचं मी विचारलं नाही. भ्यालो. डबा राहिला माझ्याकडे. आता आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं असतं, साखर तरी. मी त्यात काय घालून द्यायचं, सांगा? इतकी वर्षं विचार करतोय." त्यांनी डबा पिशवीत ठेवला. "म्हणून मी हसत नाही. हसून वाटणारा डीलर केसानं गळा कापतो, आणि कापणाऱ्यालाही कळत नाही."

हे सगळं त्यांनी मला सांगितलं, कंपनीला नाही. हा फरक एखाद्या शाळकरी पोराला कळला असता. मी मात्र घरी गेले, लॅपटॉप उघडला आणि ते सगळं लिहून काढलं. शेट्यांचं नाव गाळलं, गाव गाळलं, डबासुद्धा गाळला, पण लिहिलं. हेतू काय, तर केरकर वाचावेत. हसरा डीलर गिऱ्हाइकाला कसा बुडवतो आणि केरकरांची पद्धत त्याला कशी वाचवते, हे वाचून सूरींचे डोळे उघडतील असं मला वाटलं. मी रडत रडत लिहिलं आणि वर मला वाटलं की मी काहीतरी थोर करतेय.

सूरींनी ते वाचलं आणि खूश झाले. "फँटास्टिक! यही तो चाहिए था!" आठवड्याभरात केरकरांचं कन्फर्मेशनचं पत्र तयार झालं. आणि त्याच्याबरोबर ती स्लाइडही. सूरींनी माझ्या लिखाणातला पहिला अर्धा भाग ठेवला होता. एका छोट्या गावातला गेस्ट. दर शनिवारी लांबून यायचा. दुसऱ्या कुणाच्या टेबलावर बसायचा नाही. का? एका डीलरच्या गुडविलमुळे! दुकान, बायको, लाडू, सगळं साफ पुसलेलं.

ती स्लाइड आदल्या दिवशी माझ्याकडे तपासायला आली होती. मी पाहिली. काय पुसलंय ते मला दिसलं. पण पत्रावर सही व्हायची होती. मी म्हटलं, आधी पत्र हातात पडू दे, मग भांडू. एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी बॅच बसली होती. केरकर मागच्या रांगेत, शेजारच्या खुर्चीवर डब्याची पिशवी. सूरींनी स्लाइड लावली, सगळं वाचून दाखवलं आणि मग हात पसरून म्हणाले, "और वो डीलर आज हमारे बीच में है! केरकर जी, प्लीज!" टाळ्या. प्रमिला सगळ्यात जोरात वाजवत होती, कौतुकानं, कारण बिचारीला काय माहीत.

केरकर उभे राहिले. एकदा स्लाइडकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग टेबलावरच्या आवाजात म्हणाले, "गेस्ट वापस आया."

थांबले. सूरी मान डोलावत होते.

"गेस्ट वापस आया," केरकर पुन्हा म्हणाले आणि थांबले. तेच थांबणं. बोट अजून हवेत आहे, मागे घ्या.

सूरींनी बोट मागे घेतलं नाही. त्यांना काही कळलंच नव्हतं. "येस! वापस आया! क्यों आया, बताइए सबको!"

केरकरांनी छताच्या कॅमेऱ्याकडे तोंड केलं, एक टाळी वाजवली, तळवे उलटेपालटे केले आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत. राजीनामा ईमेलनं आला, दोन ओळींचा. पक्की झालेली नोकरी त्यांनी टाकून दिली. पिशवी खुर्चीवरच राहिली होती. ती मी घरी नेली.

त्यांचा फोन बंद होता. चार दिवसांनी त्यांच्या खोलीतल्या एका मुलाकडून कळलं, शनिवारी सकाळी निघतायत. शुक्रवारी मी डबा घासला. ओट्यावर ठेवला आणि बघत राहिले. दिवाळी जवळ आली होती, शंकरपाळे नुकतेच केले होते. रिकामा डबा द्यायचा नसतो, हे माझ्या हातांनाच ठाऊक होतं, डोक्याला विचारावं लागलं नाही. काठोकाठ भरला. वर कन्फर्मेशनचं पत्र ठेवलं, लिफाफ्यात घालून. सूरी अजूनही घ्यायला तयार होते. बॅच त्यांच्यावर खूश होती ना.

पर्शियातल्या त्यांच्या बिल्डिंगीखाली टॅक्सी उभी होती. एक बॅग, एक खांद्यावरची पिशवी. मला पाहून त्यांनी नमस्कार केला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"केरकर, मी ते तुमच्या चांगल्यासाठी लिहिलं होतं," मी म्हणाले.

ते माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या डब्याकडे बघत होते.

"चांगल्यासाठी," ते म्हणाले. आणि थांबले.

ड्रायव्हरनं डिकी उघडली. समोरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, माणूस पाण्याचे बॉक्स आत नेत होता. 

"चांगल्यासाठी," ते पुन्हा म्हणाले, अगदी तशाच आवाजात. आणि माझ्यासाठी थांबले. ती स्लाइड तपासायला आली त्या दिवशीसुद्धा मला इतकाच वेळ मिळाला होता. मी तेव्हाही बोट मागे घेतलं नव्हतं. आता मागे घ्यायला काही उरलं नव्हतं.

त्यांनी डबा घेतला, कडी काढली. लिफाफा न उघडता माझ्या हातात दिला. मग माझ्या गाडीतून एक कापडी पिशवी मागून घेतली आणि सगळे शंकरपाळे तिच्यात ओतले, हळूच, एकही खाली पडू न देता. कोपऱ्यातली पूडसुद्धा बोटानं झटकून काढली. पिशवी मला दिली.

"ईराला द्या. चांगले झालेत, वास छान येतोय."

"सांगलीला चाललात?"

"होय."

"रिकामा देणार?"

"रिकामाच द्यायला हवा होता. तेव्हाच." त्यांनी झाकण लावलं. "त्यात काही नाही, हेच तर त्या बाईंना कुणी सांगितलं नाही."

ते टॅक्सीत बसले. मी वाट बघत होते, आता वाकतील, काचेतून तळवे दाखवतील. इतक्या संध्याकाळी दाखवले होते. पण त्यांनी हात दाखवले नाहीत. दोन्ही हातांनी तो डबा मांडीवर धरला होता, आणि टॅक्सी वळेपर्यंत तसाच धरून होते.

त्या बॅचमधल्या काही मुलांना बेरीज दोनदा सांगायची सवय राहिली होती. ती मोडायला कंपनीनं एक वेगळा तास ठेवला. स्टॉपवॉच घेऊन तो तास मी घेतला. प्रमिलानं शेवटपर्यंत दोनदाच सांगितलं, आणि फॉर्मवर मी तिला नापास केलं.